फीडर क्रमांक दोन

एकतीस वर्षं ह्यांनी सबस्टेशनात काढली.
अर्ध्या पुण्याचा उजेड ह्यांच्या हाताखालून जायचा
आणि लोडशेडिंगच्या दिवसांत
अर्ध्या पुण्याच्या शिव्याही.
धनकवडीचा एक माणूस तर रोज फोन करायचा.
नाव सांगायचा, मीटर नंबर सांगायचा,
मग सुरू व्हायचा.
हे म्हणायचे, शिस्तीचा आहे.

आता सगळा उजेड
पलंगाखालच्या एका निळ्या खोक्यात.
शंभर अँपिअर-तास.
भोसरीला टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात बसवून घेतला,
छपरावर दोन पॅनल,
आणि दाराशी सुतळीनं बांधलेलं रजिस्टर,
लाल कडांचं, ऑफिसात असायचं तसलंच.

फीडर एक : पाण्याचा पंप.
फीडर दोन : फ्रीज.
फीडर तीन : दिवे, पंखा, मोबाइल.
फीडर चार : ह्यांचं रात्रीचं मशीन,
ज्याच्या नळीतून हवा आली नाही
तर ह्यांचा श्वास घशातच थबकतो
आणि मला कोपरानं ढोसून तो पुढे ढकलावा लागतो.

मिक्सर कुठल्याच फीडरवर नाही.
मी म्हटलं, अहो, चटणीला दीड मिनिट लागतं.
हे म्हणाले, दीड मिनिट, पण पाचशे वॅट.
शेवटी पानशेतच्या काठचा एक गोटा धुतला
आणि ताटलीत लसूण-मिरची रगडली.
चव जास्तच चांगली आली.
हे ह्यांना सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी ऊन होतं.
डोंगर उतरून यायला त्याला साडेआठ वाजले,
तोवर हे शिडीवर चढून
पॅनल पुसत होते, पाहुणे यायचे असल्यासारखे.
दुपारी करंजाची सावली सरकत आली
तर गाडी चार फूट मागे घेतली.
चार फूट!
माझ्या हातात चहा होता.

मग मळभ धरलं. ऐन डिसेंबरात.
एक दिवस, दुसरा, तिसरा.
पलीकडच्या काठावर गावातले दिवे लागायचे
बिनहिशोबी,
गोठ्यातसुद्धा रात्रभर ट्यूब.
हे तिकडे बघत बसायचे,
काही न बोलता,
माहेरच्या वाटेकडे बघावं तसे.

तिसऱ्या रात्री अकरा वाजता एक्केचाळीस टक्के.
पंखा बंद, दिवे बंद, पंपाचं बटण खाली.
फ्रीज मात्र घुमतोय.
मी म्हटलं, तो का?
"तुझं इन्सुलिन," हे म्हणाले,
मास्कच्या आतून, म्हणजे विहिरीतून.

दोनला जाग आली. सत्तावीस.
दहा टक्क्यांवर खोका आपणहून दार लावून घेतो,
मग विनवण्या चालत नाहीत.
मी काही इंजिनिअर नाही,
पण एकतीस वर्षं एक पगार
एकतीस तारखेपर्यंत पुरवलाय.
बोटांवर हिशोब केला.
पेनं काढून स्टीलच्या डब्यात घातली,
डबा पंचात गुंडाळून बाहेर पायरीवर ठेवला.
बाहेर अशी थंडी
की फ्रीजनं शिकवणी लावावी.
फीडर दोन खाली ओढला.

घुमणं थांबलं तेव्हा
पहिल्यांदा मशीन नीट ऐकू आलं.
आत. बाहेर.
पाण्यावर कुठलासा पक्षी दचकला, पुन्हा निजला.
आत. बाहेर.
कोपर पोटाशी घेऊन मीही झोपले.

सकाळी सोळा टक्के. पूर्वेला ढगांत
पदराला पडावी एवढी फट.
हे रजिस्टर घेऊन बसले, चष्मा कपाळावर.
फीडर क्र. २ बंद, रात्री २.१०.
"कारण"च्या रकान्यावर पेन बराच वेळ अधांतरी.
मग मान वर न करता, ऑफिसातल्या आवाजात :
कोणाच्या परवानगीनं?

मी नाव सांगितलं,
घरचा मीटर नंबर सांगितला,
आणि मग सुरू झाले.